केसर, केशर आणि पुंकेसर : हा शब्द मुळात कोणत्या अवयवाचा?

ओंजळ
नमस्कार. फुलाच्या रचनेवर मुलांसाठी एक लहानशी पुस्तिका लिहिण्याचे काम सध्या माझ्या हाती आहे. 'पुंकेसर' हा शब्द मुलांच्या लक्षात राहावा म्हणून पहिल्या खर्ड्यात मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते, "डबीतले केशर तुम्ही पाहिलेच असेल. ते म्हणजे केशराच्या फुलाचे वाळवलेले पुंकेसर, आणि म्हणूनच फुलातल्या या भागाला केसर म्हणतात." माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकते. तिने खर्डा वाचून समासात एवढेच लिहिले, "मावशी, नेमके उलटे आहे. केशर म्हणजे कुक्षी."

पडताळून पाहिले, तर चूक माझीच निघाली. केशराच्या फुलातले पुंकेसर पिवळे असतात आणि ज्याला आपण केशर म्हणतो ते त्याच फुलाच्या स्त्रीकेसराचे तांबडे फाटे, म्हणजे पराग टिपणारी कुक्षी, असते. वाक्य खोडले, पण मनातला प्रश्न काही खोडला जाईना. केशर हा जर फुलाचा स्त्री-अवयव, तर त्याचेच नाव पुरुष-अवयवाला कसे लागले? शिवाय मराठी विश्वकोशात कुक्षीसाठी 'किंजल्क' हा शब्द वापरलेला दिसतो आणि संस्कृत कोशात 'किंजल्क' म्हणजे केसर असे आढळते. मग हा शब्द मुळात कोणाचा आणि त्याची अदलाबदल कोणी केली? जाणकारांनी कृपया सांगावे.

उगाच_एक
थोडक्यात, केशर इतकी शतके दुसऱ्याच्या नावावर खपले.

प्रयोगवही
ओंजळताई, तुमच्या भाचीचे बरोबर आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी निदान एकदा तरी होते, म्हणून आधी फूल नीट पाहू.

केशराच्या फुलाला जांभळट रंगाच्या सहा पाकळ्या असतात. खरे तर त्या परिदले आहेत, कारण या फुलात निदले (बाहेरची हिरवी दले) आणि प्रदले (पाकळ्या) असा भेद दिसत नाही. आत तीन पुंकेसर असतात आणि त्यांचे लांबट परागकोश पिवळे असतात. मधून एकच कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, वर येतो. तो खाली फिकट असतो, वर त्याचे तीन फाटे होतात आणि ते गडद तांबडे होत जातात. हे फाटे इतके लांब असतात की पुष्कळदा पाकळ्यांच्या बाहेर लोंबतात. तेच खुडून वाळवले की केशर होते. एका फुलातून तीनच काड्या मिळत असल्याने 1 ग्रॅम वाळलेल्या केशरासाठी साधारण 150 फुले लागतात.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी एक अखंड काडी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावी आणि भिंगातून पाहावी. एक टोक दोऱ्यासारखे निमुळतेच राहते आणि दुसरे हळूहळू उलगडून तुतारीच्या तोंडासारखे पसरते. त्याची कड झालरीसारखी कातरलेली दिसते. परागकण टिपण्यासाठी असलेला हा पृष्ठभाग आहे. पुंकेसराला असे तोंड कधीच नसते, त्याच्या टोकाला परागकोशाची पिशवी असते. हा एक प्रयोग केला की केशर कोणता अवयव आहे हे पुन्हा विसरायला होत नाही.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. लागवडीतले केशर त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यामुळे त्याला बी धरत नाही आणि लागवड कंदांपासूनच करावी लागते. ज्या कुक्षीसाठी हे फूल इतके जपले जाते, त्या कुक्षीने बीजाचे काम कधी केलेलेच नाही.

तिसरी_घंटा
माझ्या घरातल्या जुन्या अमरकोशात, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशात, 'किञ्जल्कः केसरोऽस्त्रियाम्' असे स्वच्छ छापलेले आहे. 'अस्त्रियाम्', म्हणजे स्त्री नव्हे! कोशकारांनी निकाल आधीच देऊन ठेवला आहे, आपण उगाच वाद घालत आहोत.

अमरपाठी
तिसरी_घंटा, विनोद आवडला, पण कोणी तो खरा मानून चालू नये म्हणून खुलासा करतो. 'अस्त्रियाम्' ही व्याकरणाची खूण आहे. हा शब्द स्त्रीलिंगी चालत नाही, पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी चालतो, एवढेच तिथे सांगितले आहे. फुलाच्या लिंगाशी तिचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 'केसर' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ केस, आयाळ आणि फुलातले तंतू असा आहे. ज्याला केसर आहे तो केसरी, म्हणजे आयाळ असलेला सिंह. 1881 साली सुरू झालेल्या 'केसरी' या वृत्तपत्राचे नाव सिंहावरून आहे, रंगावरून नाही, हे आजही काही जणांना सांगावे लागते. 'श' आणि 'स' यांची अदलाबदल संस्कृत कोशांतही नोंदलेली आहे. मराठीने मात्र व्यवहारात छान वाटणी करून घेतली आहे : डबीतले ते केशर, रंग तो केशरी, फुलाच्या तंतूला केसर आणि सिंहाला केसरी.

म्हणजे हा शब्द दिसण्यावरून पडलेला आहे. जे जे केसासारखे बारीक, लांब आणि झुबक्याने असते ते केसर. ज्या झाडांच्या फुलांत असे तंतू डोळ्यांत भरतात त्यांनाही हेच नाव मिळाले. अमरकोशात बकुळीचे एक नाव 'केसर' आहे आणि पुन्नागाच्या, म्हणजे आपल्या उंडीच्या, नावांतही ते आहे : 'पुंनागे पुरुषस्तुङ्गः केसरो देववल्लभः'.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डबीतल्या केशराचे संस्कृतातले ठळक नाव 'कुङ्कुम' आहे. अमरकोशात त्याची 'काश्मीरजन्म', 'अग्निशिख', 'बाह्लीक', 'पीतन', 'लोहितचन्दन' अशी नावे ओळीने दिली आहेत आणि त्या ओळींत 'केसर' नाही. आपले कुंकू हे याच 'कुङ्कुम'चे रूप, वस्तू मात्र हळदीची झाली. त्यामुळे ताई, तुमचा प्रश्नच थोडा उलटवून पाहावा लागेल. डबीतल्या केशराचे नाव फुलाच्या अवयवाला मिळालेले नाही. केसर हे तंतूचे सर्वसामान्य नाव आधीपासून होते, तेच पुढे या तांबड्या तंतूंच्या अंगी कायमचे चिकटले.

नांगरमुठी
मका पाहा म्हणजे सगळे समजेल. आम्ही कणसाच्या शेंड्यातून लोंबणाऱ्या झुबक्याला मक्याचे केस म्हणतो, आणि ते केस मादीचे. नर वर शेंड्याला, तुऱ्यात. एक केस म्हणजे एक दाणा. कणीस सोलताना सावकाश सोलले तर प्रत्येक केस खाली एकेका दाण्याला जोडलेला दिसतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही आणि कणीस बोळके दिसते. तुरा निघण्याच्या सुमारास पाण्याचा ताण पडला की अशी कणसे हमखास निघतात. नाव केसांचे असले म्हणून अवयव नराचाच, असे शेतात कोणी धरत नाही.

ओंजळ
नांगरमुठी, हे उदाहरण मी पुस्तिकेत घेतले तर चालेल का? भुट्ट्याचे केस प्रत्येक मुलाने ओढलेले असतात, पण प्रत्येक केसाखाली एक दाणा असतो हे मलाही आजच कळले.

नांगरमुठी
घ्या की. मक्यावर माझा हक्क नाही.

रानवाट
अमरपाठी यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, तरी केसर हे फक्त 'दिसण्यावरून' पडलेले आणि लिंगनिरपेक्ष नाव होते, हे मला तितकेसे पटत नाही. किंजल्क आणि केसर हे शब्द अमरकोशात जिथे येतात तो संदर्भ कमळाचा आहे. कमळ उघडे करून पाहिले तर मधोमध शंकूसारखा, वरून सपाट असा हिरवट-पिवळा भाग दिसतो आणि त्याच्याभोवती पिवळ्या तंतूंची दाट झालर असते. तंतू म्हणजे पुंकेसर. स्त्रीकेसर त्या मधल्या भागात रुतलेले असतात आणि त्यांच्या कुक्षी वरच्या सपाटीवर केवळ ठिपक्यांसारख्या दिसतात. त्याच श्लोकात पुढे लगेच 'बीजकोशो वराटकः' असे या मधल्या भागाचे वेगळे नाव दिले आहे. म्हणजे जुन्या लोकांनी बीज धरणारा भाग आणि त्याच्याभोवतीचे तंतू यांत फरक केलेला होता, आणि 'केसर' त्यांनी नेमके पुंकेसरांनाच म्हटले होते.

नागकेशराचेही तसेच आहे. त्याच्या पांढऱ्या फुलात पिवळ्या पुंकेसरांचा भलामोठा झुबका असतो आणि औषधात तेच पुंकेसर नागकेशर म्हणून सांगितलेले आहेत. (बाजारात तांबडे नागकेशर म्हणून ज्या वाळलेल्या कळ्या मिळतात त्या पुष्कळदा सुरंगीच्या असतात, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) तेव्हा कमळ, नागकेशर, उंडी, बकुळ यांची साक्ष एकीकडे आणि एकटे कुंकुम दुसरीकडे, असे हे चित्र आहे. 'पुंकेसर' हा शब्द घडवणाऱ्यांनी परंपरेला धरूनच काम केले, असे मी म्हणेन.

अमरपाठी
रानवाट, कमळाचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो माझ्याकडून निसटला होता. फक्त एक मर्यादा घालतो. तंतू वेगळे आणि बीजकोश वेगळा हे त्यांनी पाहिले होते यात शंका नाही. तंतू हा नर आहे असे मात्र त्या ओळीत कुठे म्हटलेले नाही. फुलात तंतू संख्येने जास्त असतात, त्यामुळे 'केसर' म्हटले की बहुतेक वेळा पुंकेसरच हाती लागणार. नाव केसांवरून पडले, पण ज्यांच्या अंगावर ते पडले ते बहुतेक पुरुष निघाले, एवढ्यावर आपण दोघे एकत्र येऊ शकतो का?

याला जोडून 'रज' हा शब्द पाहावा. परागाची अमरकोशातली व्याख्या 'परागः सुमनोरजः', म्हणजे फुलाची धूळ. हीच 'रज' मनुष्यदेहाच्या संदर्भात स्त्रीची मानली जाते आणि फुलात ती, आजच्या ज्ञानाप्रमाणे, पुरुषाची ठरते. शब्दाने धूळच सांगितली होती, लिंग आपण मागाहून चिकटवले.

रानवाट
एकत्र येऊ शकतो. 'बहुतेक' हा शब्द मात्र ठळक अक्षरांत असावा.

मुळाक्षर
युरोपातही हेच घडले आहे, म्हणून थोडी भर घालतो. पुंकेसराला इंग्रजीत असलेला 'स्टेमेन' हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ उभ्या मागावरचा ताण्याचा धागा असा होता आणि प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने तो लिलीच्या फुलातल्या तंतूंना लावला. स्त्रीकेसराचा 'पिस्टिल' हा शब्द खलबत्त्यातल्या बत्त्यावरून आला, कारण मधला अवयव तसा दिसतो. 'पोलन' म्हणजे लॅटिनमध्ये बारीक पीठ. 'स्टिग्मा' म्हणजे ग्रीकमध्ये टोचल्याची खूण, ठिपका. धागा, बत्ता, पीठ, ठिपका : या चारही शब्दांत नर-मादीचा मागमूस नाही.

याचे कारण सरळ आहे. वनस्पतींना लिंग असते हे युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रस्थापित झाले. नेहेमाया ग्रू याने 1682 च्या आपल्या ग्रंथात पुंकेसर हा नर-अवयव असल्याचे मांडले, तरी त्याने पुंकेसरांना दिलेले नाव 'पेहराव' अशा अर्थाचे होते. प्रयोगाने ते दाखवले रुडॉल्फ कॅमेरारियस याने, 1694 साली. त्याने एरंडाची नर-फुले परागकोश उघडण्याआधी काढून टाकली आणि मक्याचे केस कापून टाकले. दोन्ही ठिकाणी बी धरले नाही. नांगरमुठींच्या बोळक्या कणसाचा दाखला तीनशे वर्षांपूर्वी दिला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरचे शब्द मात्र उघड लिंगवाचक आहेत. लिनीअसने 1735 साली पुंकेसरांच्या संख्येवरून वनस्पतींचे वर्ग पाडले आणि त्यांच्या नावांत ग्रीकमधला 'पुरुष' हा शब्द गुंफला. जायांगाचे, म्हणजे फुलातल्या स्त्री-भागाचे, शास्त्रीय नावही ग्रीक घरातल्या स्त्रियांच्या दालनावरून आलेले आहे. आपल्याकडे 'पुंकेसर' आणि 'स्त्रीकेसर' हे दोन्ही थर एकाच शब्दात दिसतात. 'केसर' हा पाहणाऱ्याचा शब्द आहे आणि 'पुं' नि 'स्त्री' ही प्रयोगानंतरची भर आहे.

उगाच_एक
म्हणजे जायांगाला खरे तर 'अंतःपुर' म्हणायला हवे होते. परीक्षेत निदान एक तरी आकृती सर्वांनी मनापासून काढली असती.

दुसरे असे की, पुंकेसर म्हणजे धागा आणि आपण हे सगळे एका धाग्यावरच लिहीत आहोत. संपादकांनी नोंद घ्यावी.

अमरपाठी
विषय निघालाच आहे तर एक खोड काढतो. 'पुंस्' आणि 'केसर' यांचा संधी पाणिनीच्या 'पुमः खय्यम्परे' (8.3.6) या सूत्राने 'पुंस्केसर' असा व्हायला हवा, जसा 'पुंस्कोकिल' होतो. पाठ्यपुस्तकातला 'पुंकेसर' संस्कृत व्याकरणाच्या काट्यावर उतरत नाही.

तिसरी_घंटा
पुंस्केसर! हे बोलताना वर्गातली पहिली तीन बाके भिजतील.

प्रयोगवही
अमरपाठी, सूत्र मान्य, सूचना अमान्य. 'पुंकेसर' मराठीत रुळला आहे आणि मराठीत रुळलेल्या शब्दाने संस्कृतातला संधी पाळलाच पाहिजे असे नाही.

ओंजळताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'किंजल्का'ला, अजून कोणी हात घातलेला नाही. माझ्या मते खरी अदलाबदल इथे झाली आहे. 'केसर' बहुतेक जागेवरच राहिला, 'किंजल्क' मात्र घर सोडून गेला. संस्कृतात किंजल्क आणि केसर हे समानार्थी, म्हणजे कमळाचे तंतू. मराठी परिभाषेत केसर पुरुषाकडे गेला : केसरदल, केसरमंडल. किंजल्क स्त्रीकडे गेला आणि त्याचे तुकडे करून एक अख्खे कुटुंब उभे केले गेले : किंजमंडल, किंजदल, किंजपुट (अंडाशय), किंजल (कुक्षिवृंत) आणि टोकाला किंजल्क. विश्वकोशातली कोणतीही वनस्पतीची नोंद उघडली की 'किंजपुट ऊर्ध्वस्थ' किंवा 'अधःस्थ' अशी वर्णने दिसतात.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे सरळसरळ चूक आहे, हे कबूल करतो. सोय मात्र मोठी आहे. दोन समानार्थी शब्द हाताशी होते आणि दोन वेगळे अवयव नावे मागत होते, तेव्हा एकेकाला एकेक देऊन टाकला. परिभाषा करणाऱ्याला असे करावेच लागते. 'किंज' हे दोन अक्षरी बीज कोणत्याही शब्दाला जोडता येते. 'स्त्रीकेसर'ला तसे जोडत गेलो तर ओळ संपते, शब्द संपत नाही.

उलट पाठ्यपुस्तकातला 'कुक्षी' मला जास्त खटकतो. 'कुक्षि' म्हणजे पोट, गर्भाची जागा, आपली 'कूस' त्यातूनच आली. बीजांडे जिथे असतात त्या खालच्या भागाला हे नाव शोभले असते, पण आपण ते दिले टोकाला, जिथे पराग नुसता येऊन चिकटतो. त्याखालच्या दांड्याला 'कुक्षिवृंत' म्हटले आणि खऱ्या कुशीला 'अंडाशय'. मुले हे पाठ करतात, म्हणून कळत नाही. ज्याला 'कूस' शब्द ठाऊक आहे तो मुलगा आकृतीत कुक्षीचा बाण हमखास तळाला लावतो, आणि मी त्याचे गुण कापतो. कापताना दर वेळी वाटते की शब्दाच्या बाजूने पाहिले तर त्याचेच बरोबर आहे.

रानवाट
हे मात्र मनापासून पटले. आजवर 'कुक्षी' आणि 'कूस' हे दोन शब्द शेजारी ठेवून मी पाहिलेच नव्हते.

मुळाक्षर
किंजल्काच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. सोय म्हणून शब्दाचा अर्थ बदलणे एक वेळ ठीक, पण ज्या विद्यार्थ्याला उद्या संस्कृत काव्य वाचायचे आहे त्याला कमळाच्या किंजल्कांनी पिवळा झालेला भुंगा भेटेल, आणि तो बिचारा समजेल की भुंगा कुक्षीवर लोळून आला. पिवळेपणा परागाचा आहे, म्हणजे पुंकेसरांचा. पारिभाषिक शब्द करताना निदान जिवंत साहित्यातला अर्थ उलटा होऊ नये.

प्रयोगवही
भुंगा दोन्हीकडे लोळतो, म्हणूनच तर बी धरते. पण आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ओंजळ
सर्वांचे मनापासून आभार. इतके हाती लागेल असे वाटले नव्हते. पुस्तिका पाठ्यपुस्तकाच्या जोडीने वाचली जाणार असल्यामुळे शब्द पाठ्यपुस्तकातलेच ठेवते, म्हणजे पुंकेसर, स्त्रीकेसर, कुक्षी. 'किंजल्क' टाळते. खोडलेल्या वाक्याच्या जागी आता असे लिहिले आहे :

"केसर म्हणजे केसासारखा तंतू. सिंहाच्या आयाळीलाही केसर म्हणतात. फुलात असे तंतू पाहून लोकांनी त्यांना केसर म्हटले, तेव्हा त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती हे नावात आलेले नव्हते. ते समजल्यावर पराग तयार करणाऱ्याला पुंकेसर आणि बी धरणाऱ्याला स्त्रीकेसर अशी नावे पडली. डबीतले केशर हे स्त्रीकेसराचे टोक आहे. मक्याच्या कणसाचे केसही स्त्रीकेसराचेच. एक केस हळूच ओढा आणि तो कुठवर जातो ते पाहा."

हे भाचीला दाखवले. तिने या वेळी समासात काही लिहिले नाही, फक्त 'टोक' खोडून 'टोकाचे फाटे' केले.

प्रयोगवही
भाचीला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. एक विनंती आहे : चित्रकाराला सांगून केशराच्या फुलातले पुंकेसर पिवळेच रंगवून घ्या. मी पाहिलेल्या निम्म्या चित्रांत सहाही तंतू तांबडे असतात.